राक्षसी, आसुरी, एल्फी: काल्पनिक वंशांच्या नावांवरून विशेषणे करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अद्भुतकथा लिहिणारे, तिचे भाषांतर करणारे आणि गेमचे मराठीकरण करणारे हे प्रश्न फिरून फिरून विचारतात. उत्तरे व्याकरणाच्या मास्तरांची नव्हेत, हस्तलिखितांवर लाल पेन चालवणाऱ्याची आहेत. त्यामुळे नियमांबरोबर मतेही येतील.

राक्षसाचा, राक्षसांचा आणि राक्षसी: तिन्ही एकच ना?

नाही, आणि पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे या फरकातच आहेत.

'राक्षसाची तलवार' ही कुणा एका राक्षसाची. 'राक्षसांची तलवार' ही त्या लोकांची: त्यांनी घडवलेली, त्यांच्या पद्धतीची. 'राक्षसी तलवार' मात्र अवाढव्य किंवा क्रूर असते आणि ती माणसाच्या हातातही असू शकते. निवडणुकीत एखाद्या पक्षाला 'राक्षसी बहुमत' मिळते तेव्हा एकही राक्षस निवडून आलेला नसतो. आसुरी आनंद, पैशाचिक छळ, दानवी ताकद हे सगळे माणसांचेच उद्योग.

म्हणजे 'चा-ची-चे' लावले की वस्तू कुणाची ते कळते, आणि 'ई' लावली की ती कशी आहे याबद्दलचे मत कळते. रोजच्या मराठीत आपण हा भेद बिनचूक पाळतो. अद्भुतकथा लिहायला बसलो की मात्र इंग्रजीतले एकच विशेषण डोळ्यासमोर असते, आणि सगळीकडे 'ई' ठोकली जाते.

एक बारीक सूचना: 'राक्षसाची' आणि 'राक्षसांची' यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. मुद्रितशोधनात तो टिंब सगळ्यात आधी गळतो आणि अख्ख्या वंशाचा किल्ला एकाच राक्षसाच्या नावावर चढतो.

माझ्या कथेतले राक्षस सज्जन आहेत. 'राक्षसी' वापरू की नको?

निवेदकाच्या तोंडी नको. 'तिने बाळाला राक्षसी मायेने कुशीत घेतले' असे एका हस्तलिखितात होते. लेखकाला म्हणायचे होते की आई राक्षसकुळातली आहे. वाचताना मला मात्र बाळाची काळजी वाटली.

वाटा तीन आहेत. पहिली साधी, षष्ठीची: 'राक्षसांची माया वेगळीच असते'. दुसरी समासाची: राक्षसकुळ, राक्षसभाषा, राक्षसवंशीय. समासात शब्द जोडला गेला की त्यातला वाईटपणा बराच बोथट होतो, का ते सांगता येणार नाही, पण होतो खरा. तिसरी वाट मला सगळ्यात आवडते: त्या लोकांना स्वतःचे असे एक नाव द्या. शत्रू त्यांना राक्षस म्हणतात, ते स्वतःला दुसरेच काही म्हणवतात. मग 'राक्षसी' हा शब्द कुठल्या पात्राच्या तोंडी आहे यावरून तो कुणाच्या बाजूचा ते वाचकाला न सांगता कळते.

शब्दांची अशी उलथापालथ नवी नाही. ऋग्वेदात 'असुर' हे वरुणासारख्या देवांनाही आदराने लावलेले आहे, आणि प्राचीन इराणी परंपरेत त्याच शब्दाचे भावंड 'अहुर' हे परमेश्वराचे नाव आहे. पुढे आपल्याकडे असुर खलनायक झाले. त्यामुळे आजच्या मराठीत 'आसुरी' म्हणून कौतुक करता येत नाही. करायचेच असेल तर कथेत त्याची तयारी आधीपासून करावी लागेल.

गंधर्वचे गांधर्व, असुरचे आसुर. हा 'आ' कुठून येतो?

संस्कृतातून. नावातला पहिला स्वर वाढवून विशेषण करायची ती रीत आहे, तिला आदिवृद्धी म्हणतात. अ चा आ होतो. इ, ई, ए यांचा ऐ. उ, ऊ, ओ यांचा औ. ऋ चा आर्. वेदपासून वैदिक, पुराणपासून पौराणिक, ऋषीपासून आर्ष.

या रीतीचा सगळ्यात सुबक नमुना स्मृतिग्रंथांतल्या विवाहाच्या आठ प्रकारांत सापडतो: ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस, पैशाच. आठांतली पाच नावे सरळ मानवेतर वंशांवरून केलेली विशेषणे आहेत. आता 'राक्षस विवाह' पाहा. इथे 'राक्षस' हेच विशेषण आहे, त्याला वेगळी 'ई' लागलेली नाही. मूळ शब्द 'रक्षस्'. त्यावरून 'राक्षस' झाले. म्हणजे ज्याला आपण नाम म्हणून हाताळतो तोच मुळात साधित शब्द, आणि मराठीत त्यावर आणखी 'ई' चढवून आपण विशेषणाचे विशेषण केले.

नाग, दानव, राक्षस यांचा पहिला स्वर आधीच 'आ' असल्यामुळे वृद्धी करूनही काही दिसत नाही. यक्षाचे 'याक्ष' नियमाने बरोबर आहे, पण वाचकाला ते छपाईची चूक वाटेल. तिथे यक्षांचा, यक्षनगरी, यक्षविद्या असेच करा. 'गांधर्व' मात्र चांगलाच रुळलेला शब्द आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला संगीताची शाळा काढली तिचे नाव गांधर्व महाविद्यालय. गंधर्व म्हणजे गाणे, हे त्या विशेषणात इतके मुरले आहे की गंधर्वांच्या सैन्याला 'गांधर्व सैन्य' म्हटलेत तर ते तंबोरे घेऊन येईल.

मग 'आसुर' बरोबर की 'आसुरी'?

मराठीत 'आसुरी'. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी संपत्तीची चर्चा आहे. तिथे 'संपद्' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. मराठीने ते ईकारान्त रूप उचलले आणि सगळ्या लिंगांना वापरायला काढले: आसुरी आनंद, आसुरी वृत्ती, आसुरी बळ. 'दैवी'चेही तेच. 'दैव' मात्र नुसते वापरू नका, मराठीत त्याचा अर्थ नशीब असा पक्का झाला आहे.

भुतांची वस्ती आहे. तिला 'भौतिक' म्हणू शकतो का?

नियमाने हो, व्यवहारात अजिबात नाही. भूतपासून भौतिक हे बरोबर, पण ती भुते म्हणजे पंचमहाभूते, आणि त्यांचे शास्त्र शाळेत शिकवतात. आपल्या भुतांसाठी मराठीकडे स्वतःचा ऐवज आहे: भुताळी वाडा, भुताटकीचा प्रकार, भुतावळ.

एकूण मराठी भुताखेतांना संस्कृत प्रत्यय सोसत नाहीत. समंध, मुंजा, हडळ, खवीस, जखीण यांना 'चा-ची-चे'च शोभते: मुंज्याचा पिंपळ, हडळीचे केस, खविसाचा हात. जखीण ही मुळात संस्कृतातली यक्षिणीच, पण इथे येऊन तिने वेश इतका बदलला की 'जाखिणिक' वगैरे म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

मला नवा वंश रचायचा आहे. नाव संस्कृत वळणाचे हवे आणि विशेषणही सहज जमले पाहिजे.

मग उलटे चाला, आधी पूर्वज शोधा. मनूची लेकरे ती मानव. दनूची ती दानव. दितीची दैत्य, अदितीची आदित्य, कद्रूची काद्रवेय. आपल्या पुराणांतले कितीतरी वंश म्हणजे आईबापाच्या नावावरून केलेले शब्दच आहेत.

हाच साचा घ्या. झाडाच्या पोटी जन्मलेले लोक हवेत? तरूपासून 'तारव', जसे मधूपासून माधव. त्यांचे विशेषण मानवी-दानवीच्या चालीवर 'तारवी': तारवी भाषा, तारवी औषधे. शब्द नवा आहे, पण कान त्याला ओळखतो, कारण वाट जुनी आहे. मूळ आई हवी असेल तर कुंतीपासून कौंतेय, गंगेपासून गांगेय, तशी तमसेपासून 'तामसेय'. फक्त 'एय'वाल्या नावांना पुढे 'ई' लावायला जाऊ नका. 'तामसेयी' म्हणताना जीभ अडखळते. 'तामसेयांचा' पुरे.

एल्फ, ऑर्क, गॉब्लिन, ड्रॅगन यांचे काय करायचे?

ही पाश्चात्त्य अद्भुतकथांतली नावे. त्यांची आदिवृद्धी करायची नाही एवढे आधी ठरवा. 'ऐल्फिक धनुष्य' आणि 'और्किक टोळी' विनोदी लेखनात धमाल करतील, पण फक्त तिथेच.

परके लोक मराठीला नवे नाहीत. त्यांच्या नावांवरून विशेषणे करायच्या रीती रुळलेल्या आहेत. जपानी, इराणी, सुलतानी, अस्मानी: शेवटी न किंवा ण असला की 'ई' लोण्यासारखी बसते. म्हणून गॉब्लिनी सापळा, ड्रॅगनी खवले हे पहिल्या वाचनातच पटतात. तुर्कचे तुर्की झाले तसे ऑर्कचे 'ऑर्की' चालेल. दुसरी रीत म्हणजे काहीच न लावणे. ग्रीक शिल्प, मुघल बादशहा म्हणतो तसे 'एल्फ सैनिक', 'ऑर्क टोळी'. माणसे, पथके, वस्त्या यांच्याआधी ही रीत उत्तम.

'एल्फी'बद्दल मात्र माझे मन साशंक आहे. व्याकरणात खोट नाही, पण मोठ्याने वाचले की 'सेल्फी' ऐकू येते आणि गंभीर प्रसंगाचा विचका होतो. 'ट्रोली'चेही तसेच, लगेच सामान वाहायची ट्रॉली आठवते. अशा नावांना 'एल्फांचा', 'ट्रोलांचा' द्यावे आणि पुढे जावे. विशेषण जमलेच पाहिजे असा हट्ट कशाला?

राज्य किंवा अंमल सांगायचा असेल तर निजामशाही, आदिलशाहीच्या धर्तीवर 'गॉब्लिनशाही' करून पाहा. एका शब्दात अख्खा कालखंड उभा राहतो.

इंग्रजीत 'एल्विश' आहे. तेच उचलू का?

भाषेचे नाव म्हणून उचला. स्पॅनिश, डॅनिश, आयरिश हे शब्द वाचकाच्या ओळखीचे असल्याने 'इश' दिसले की त्याला भाषा किंवा देश सुचतोच. पण 'एल्विश तलवार', 'एल्व्हन अंगरखा' आणि 'एल्फ राणी' एकाच पानावर आले तर वाचक तीन वेगळे वंश मोजेल. फ चा व होणे ही इंग्रजीची घरगुती भानगड आहे. ती तिथेच राहू द्या. एल्फ म्हटलेत तर शेवटपर्यंत फ.

अनेकवचनात 'एल्फ्स' किंवा 'एल्व्ह्ज'ही नको. एक राक्षस, दहा राक्षस. एक एल्फ, दहा एल्फ. एकवचनी 'एल्फचा' आणि 'एल्फाचा' दोन्ही कानावर येतात. एक निवडा आणि पुस्तकभर तेच ठेवा.

ड्वार्फला सरळ 'बुटका' म्हटले तर?

ड्वार्फ म्हणजे त्याच कथांतले ठेंगणे, डोंगरात खाणी खणणारे लोक. त्यामुळे हा शब्द सुचतो खरा आणि पहिल्या पानावर शोभतोही. घोळ होतो दुसऱ्या पानावर. 'बुटका' हे मुळातच विशेषण आहे, तेही लिंगाप्रमाणे बदलणारे. 'त्याने बुटकी कुऱ्हाड उचलली': आता कुऱ्हाड ड्वार्फांनी घडवलेली की दांडा आखूड? 'बुटका दरवाजा', 'बुटके घर', प्रत्येक ठिकाणी वाचक उंचीच मोजणार. 'बुटक्यांची कुऱ्हाड' केले की अर्थ सुटतो, पण मग प्रत्येक वेळी षष्ठीच लागणार, विशेषण कधीच हाती येणार नाही.

इंग्रजीतही ही अडचण होतीच. 'ड्वार्फिश' म्हणजे खुरटलेला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी आपल्या वंशासाठी 'ड्वार्व्हिश' असे वेगळे रूप चालवले ते म्हणूनच. शिवाय बुटका, ठेंगू, खुजा हे शब्द कमी उंचीच्या खऱ्या माणसांना चिडवायला वापरले जातात. त्यामुळे माझे मत 'ड्वार्फ' ठेवावे किंवा खाणीवरून, डोंगरावरून नवे नाव द्यावे, या बाजूचे.

गेममध्ये वंशाचे आणि शस्त्राचे नाव आपोआप जोडले जाते. कुठले रूप द्यायचे?

या प्रश्नाने मी एकदा पोळलो आहे. काम आले ते दोन याद्यांच्या स्वरूपात: एकीत वंश, दुसरीत शस्त्रे, आणि यंत्र दोन्ही जोडणार. मी वंशाच्या यादीत विश्वासाने 'ड्वार्फांचा' लिहून दिले. पडद्यावर उमटले: ड्वार्फांचा भाला, ड्वार्फांचा ढाल, ड्वार्फांचा चिलखत. पहिले तेवढे बरोबर. शस्त्र वापरल्यावरचा संदेश तर 'ड्वार्फांचा भाल्याने वार केला' असा. चार दिवस दुरुस्तीत गेले आणि चूक सर्वस्वी माझी होती.

जोडाजोड यंत्र करणार असेल तिथे न बदलणारे रूप हवे, आणि ईकारान्त विशेषण बदलत नाही. ड्वार्फी भाला, ड्वार्फी ढाल, ड्वार्फी चिलखत, ड्वार्फी भाल्याने, ड्वार्फी ढालींवर: पाचही ठिकाणी तेच. एरवी मी 'ई'वर डोळे वटारतो, पण इथे तिला पर्याय नाही. काही न लावलेले रूपही चालते: ड्वार्फ भाला, ड्वार्फ ढाल. फक्त राक्षस, असुर, पिशाच अशा जुन्या नावांची 'ई' टाळा, नाहीतर खेळाडूला 'राक्षसी ढाल' ही फक्त आकाराने मोठी ढाल वाटेल.

विशेषण आणि स्त्रीचे नाव एकच झाले तर?

ही टक्कर खूपदा होते, कारण मराठीत 'ई' दोन्ही कामे करते. जुन्या मराठीभाषकांनी तोड काढून ठेवली आहे: बाई 'राक्षसीण', विशेषण 'राक्षसी'. तशीच नागीण, जखीण, डाकीण. आपल्या वंशातही पहिल्याच प्रकरणात 'ईण' लावून बायका वेगळ्या काढा, म्हणजे 'ई' विशेषणाला मोकळी राहते.

समजा वंशाचे नाव 'ओरवा' आहे. मराठापासून मराठी झाले तसे विशेषण 'ओरवी'. पण मुलगा-मुलगीच्या चालीने ओरव्याची बायकोही ओरवीच होऊ पाहते. तिला 'ओरवीण' म्हटले की भांडण मिटले.

नाव आधीच ई किंवा ऊने संपत असेल तर?

ईवर दुसरी ई चढत नाही. 'परी'चे विशेषण नाही म्हणून अडत नाही: परीचा, पऱ्यांचा, परीलोक, परीसारखा. ऊकारान्त नावांना काहीच लावू नका, 'हिंदू' दोन्ही कामे करतो तसेच.

ऱ्हस्व-दीर्घाचे काय?

शेवटची ई दीर्घ, यात वाद नाही. चुका होतात त्या शेवटून दुसऱ्या अक्षरात. गरीबचे गरिबाचा, वकीलचे वकिलाचा, म्हणून खवीसचे खविसाचा, नागीणचे नागिणीचा. तुम्ही रचलेले 'मिहूर' हे नाव मराठी वळणाचे असेल तर मिहुराचा, मिहुरी. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत मात्र दीर्घ टिकते, शरीरचे शरीराचा होते तसे. तुमचा काल्पनिक वंश संस्कृत बोलतो की मराठी, हे तुम्हालाच ठाऊक!

'दानवीय', 'पाशविक' ही रूपे चालतील का?

ती हिंदीत शोभतात. मराठीत दानवी, पाशवी, मानवी.

आई एल्फ, बाप माणूस. त्या पोराला काय म्हणायचे?

अर्ध-एल्फ, मध्ये जोडरेघ देऊन. संधी केलात तर 'अर्धैल्फ' होईल आणि पोराला जन्मभर नावाचा खुलासा करत बसावे लागेल. 'अर्धराक्षस'ला रेघ नको. बोलीभाषेत, पात्राच्या तोंडी 'निम' गंमत आणते. निमशहरी, निमसरकारी तसा 'निमराक्षस'. त्यात थोडी कुचेष्टा आहे, ती हवी असेल तेव्हाच वापरा.

शत्रूने तुच्छतेने बोलायचे आहे. त्यासाठी प्रत्यय आहे का?

'अट' आणि 'कट' आहेत ना! आंबट, खारट, तेलकट, मातकट, धुरकट. यांत 'थोडासा तसा आणि नको तेवढा' हा भाव आहे. 'तंबूत ऑर्कट वास भरला होता': वाक्य वाचताना नाक मुरडतेच. 2004 ते 2014 मध्ये इंटरनेटवर वावरलेल्या वाचकाला ऑर्कुट आठवून हसू येण्याचा धोका आहे, पण तो मी पत्करतो. 'ट्रोलकट' कातडी, 'गॉब्लिनट' हसू हेही करून पाहा. जमले नाही तर 'ऑर्कांसारखा घाण' हे साधे मराठी आहेच.

'राक्षसीपणा' आणि 'राक्षसपण' यांत काय निवडू?

'पण' म्हणजे असणे, 'पणा' म्हणजे वागणे. माणूसपण आणि वेडेपणा शेजारी ठेवून पाहा. 'त्याने आपले राक्षसपण लपवले' म्हणजे जन्म लपवला. 'त्याने राक्षसीपणा केला' म्हणजे त्याची तक्रार करायला हवी.

नाग आणि किन्नर यांच्याबाबत काही विशेष?

हो, दोन्ही नावे जिवंत माणसांना भिडतात. 'नागांची भाषा' म्हटले की ईशान्येकडच्या नागा लोकांचीही भाषा होते, कारण नाग आणि नागा यांचे अनेकवचनी सामान्यरूप एकच. तिथे 'नागवंशी', 'नागलोकीची' असे स्पष्ट करा. 'नागी' करू नका. 'नागमोडी' तर फक्त वळणांना लागते. 'किन्नर' हा शब्द आज तृतीयपंथी व्यक्तींसाठी वापरला जातो, त्यामुळे 'किन्नरी' हे विशेषण गुणदोष दाखवायला वापरणे टाळाच.

माझ्या वंशाच्या भाषेला काय म्हणू?

विशेषण तयार असेल तर तेच भाषेचे नाव: जपानी माणूस, जपानी भाषा, तारवी माणूस, तारवी भाषा. पिशाचांच्या नावावरून पडलेले भाषेचे नाव तर आपल्याकडे खरोखरच आहे. पैशाची ही एक प्राकृत भाषा. गुणाढ्याची बृहत्कथा तिच्यात होती असे परंपरा सांगते. मूळ ग्रंथ हरवला, त्याचे संस्कृत अवतार उरले. गंमत म्हणजे भाषा 'पैशाची' आणि छळ 'पैशाचिक'. एकाच नावाची दोन विशेषणे, पण कामांची वाटणी चोख. आणि हो, 'त्याला पैशाची येते' हे वाक्य संदर्भाशिवाय लिहू नका, वाचक पुढे 'चणचण' शोधत बसेल.